पूल: नेम बरोबर धरतो, तरी बॉल जाडच का लागतो?

काळा_आठ | शनिवार, रात्री ११:४०

कॉलेजात असताना लेक्चर बुडवून पूल खेळायचो. टेबलाचे पैसे चौघांत वाटून, आणि जो हरेल त्याच्याकडून वर चहा. मग नोकरी, लग्न, मुलगी असं सगळं रीतसर झालं आणि क्यू (पूलची काठी) हातात न धरता पंधरा वर्षं गेली. आता चार महिन्यांपासून ऑफिसातली पोरं दर शुक्रवारी कोथरूडच्या एका पार्लरला ओढून नेतात.

सुरुवातीला हरलो ते ठीक. पण एक शॉट आजही जात नाही म्हणजे नाही. बॉल मधल्या पॉकेटच्या जरा अलीकडे, टेबलाच्या लांब कडेच्या कुशनपासून फूटभर आत. घालायचाय त्याच कुशनच्या टोकाच्या कोपऱ्यात, अंतर १२० सेंटिमीटर (टेप लावून मोजलंय, पोरं हसली). व्हाइट, म्हणजे क्यूनं मारायचा पांढरा बॉल, पलीकडच्या बाजूला मीटरभर लांब. कट (बॉलला एका बाजूनं मारून तिरका काढणं) उजवीकडे, ना फार जाड (व्हाइट बॉलवर जास्त येतो, बॉल कमी वळतो) ना फार पातळ (नुसता कडेला लागतो, बॉल जास्त वळतो). हळूच मारावा लागतो, कारण जरा जोर लागला की व्हाइट सरळ मधल्या पॉकेटात आणि फाउल.

व्हिडिओ बघून घोस्ट बॉल शिकलो. म्हणजे बॉलच्या मागे, पॉकेटच्या रेषेत, त्याला चिकटून एक काल्पनिक बॉल ठेवायचा आणि व्हाइट बरोबर त्याच्या जागी पोचवायचा. तसा पोचवतो. बॉल पॉकेटच्या अलीकडे कुशनला. दर वेळी जाड, पातळ एकदाही नाही! काल ब्लॅकवर तीन वेळा हेच झालं. घोस्ट बॉल सोडून दुसरी कुठली पद्धत धरू का?

लकडीपूलकर | शनिवार, रात्री ११:५२

शीर्षकात पूल वाचून ट्रॅफिकचा धागा समजून आलो. आलोच आहे तर बसतो.

सोंगटी | रविवार, सकाळी ८:०५

काल्पनिक बॉल वगैरे सोडा हो. लहानपणी कॅरम खेळलात ना? तिथे कोणी काल्पनिक स्ट्रायकर ठेवत बसतं का? सोंगटीचा कुठला बिंदू मारायचा तो नजरेनं पकडायचा आणि सोडायचा. पूलमध्ये पण तेच. आमच्या चाळीतला प्रत्येक कॅरमवाला पहिल्या दिवशी पूल खेळायला लागला तेव्हा बॉल घालत होता.

काटकोन | रविवार, सकाळी ९:३०

सोंगटी, कॅरमची नजर कामाची आहे, पण जशीच्या तशी उचलली तर दगा देते. बिंदू बरोबर धरलात तरी व्हाइटचा मधला भाग त्या बिंदूकडे रोखायचा नसतो, तो त्याच्या बाहेर जातो. किती बाहेर, हे मारणाऱ्याच्या आकारावर ठरतं.

कॅरममध्ये सोंगटी जास्तीत जास्त ३.१८ सेंमी आणि स्ट्रायकर ४.१३ सेंमी, म्हणजे मारणारा मोठा आणि मार खाणारा लहान. पूलमध्ये दोन्ही ५७.१५ मिमी. स्ट्रायकरचा मध्य सोंगटीच्या कडेवर रोखला तर सोंगटी साधारण २६ अंशांत सुटते. पूलमध्ये व्हाइटचा मध्य बॉलच्या कडेवर रोखलात तर ३० अंश. चित्र तेच दिसतं, कोन चार अंशांनी वेगळा. तुमच्या चाळीतल्या लोकांनी बॉल घातले असतील, पण पहिल्या दिवशी पातळ किती गेले ते कोणी मोजलं नसेल :)

धागाकर्त्यांसाठी: तुमच्या शॉटचा हिशेब केला. कोपऱ्याचं पॉकेट साडेचार इंच धरलं तर बॉलच्या दोन्ही बाजूंना २८-२८ मिमी मोकळे राहतात. १२० सेंमी अंतरावर म्हणजे सव्वा-दीड अंश इकडे किंवा तिकडे. ३० अंशांच्या कटला एवढं साधायचं तर व्हाइट घोस्ट बॉलच्या जागेपासून जेमतेम सव्वा मिलिमीटर हललेला चालतो. मीटरभरावरून. त्यामुळे पहिल्यांदा स्वतःवरचा राग कमी करा.

काळा_आठ | रविवार, सकाळी १०:११

सव्वा मिलिमीटर! हे बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, मग घरी भिंतीवर खिळा ठोकताना एवढा वाकडा कसा जातो.

डी_मधून | रविवार, दुपारी १२:४५

मी पूलवाला नाही. माझं वय ७१, आयुष्यभर बिलियर्ड्स आणि थोडं स्नूकर. आमच्या जिमखान्यावर एक मार्कर होते. गुण लिहायचे, बॉल लावायचे, आणि आम्हा पोरांना फुकट शिकवायचे. पहिले तीन महिने त्यांनी मला एकच शॉट दिला. व्हाइट डीमध्ये (टेबलाच्या एका टोकाला आखलेलं अर्धवर्तुळ), लाल मध्यावर, हाफ बॉल मारून इन-ऑफ, म्हणजे लालला लागून व्हाइटच पॉकेटात. दुसरं काही मारलं तर क्यू काढून घ्यायचे.

हाफ बॉल म्हणजे क्यूचं टोक लाल बॉलच्या कडेकडे रोखायचं, अर्धा लाल व्हाइटनं झाकला जातो. कल्पना करावी लागत नाही, कड डोळ्यांना दिसते. तो एकदा हाडात मुरला की बाकीचे सगळे शॉट त्याच्याशी ताडून बघायचे: हा हाफपेक्षा जाड की पातळ? पाऊण बॉल, पाव बॉल. तेव्हा आम्हाला अंश माहीत नव्हते. हाफ बॉल फार माफ करतो, हे मात्र मार्करकाका रोज सांगायचे.

अवांतर: पुण्यात बसून हे कौतुकानं सांगावंसं वाटतं की विल्सन जोन्स इथलेच. १९५८ साली कोलकात्याला ते बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. त्याआधी कुठल्याच खेळात एकट्या भारतीयानं जगज्जेतेपद मिळवलं नव्हतं. पंकज अडवाणीही जन्मानं पुण्याचा, घडला बंगळुरात.

काटकोन | रविवार, दुपारी २:२०

काका, फार सुंदर प्रतिसाद. तुमच्या मार्करकाकांचं वाक्य खरं आहे, पण ते व्हाइटबद्दल खरं आहे, लाल बॉलबद्दल नाही.

गडगडत आलेला व्हाइट पाव बॉलपासून पाऊण बॉलपर्यंत कुठेही लागला तरी आपल्या मूळ दिशेपासून साधारण ३० अंशच वळतो. हाफ बॉलच्या आसपास तर सगळ्यात जास्त, ३३-३४ अंश, आणि तिथे थोडं चुकलं तरी वळण बदलत नाही. इन-ऑफमध्ये व्हाइटच पॉकेटात जायचा असतो, म्हणून तिथे माफी मिळते. पूलमध्ये जायचा असतो दुसरा बॉल. त्याच्या बाबतीत चूक झाली की कोन बदललाच. पाऊण बॉलला १४-१५ अंश, हाफला ३०, पावला ४८-४९. मधल्या जागा रिकाम्या नाहीत, पण हे तीन थांबे लक्षात ठेवले तर काकांची ताडून बघायची रीत पूलमध्येही चालते.

डी_मधून | रविवार, दुपारी ३:०२

पन्नास वर्षांनी कळलं की माफी व्हाइटला होती. मार्करकाका असते तर तुम्हालाही तीन महिने इन-ऑफ मारायला लावला असता.

गार्डन_स्टेट | रविवार, रात्री ८:१५

न्यू जर्सीहून. इथे मी आठवड्याला लीग खेळतो. घोस्ट बॉल ही नवशिक्यांची गोष्ट झाली, कारण हवेत न दिसणाऱ्या गोष्टीवर नेम धरायला कोण सांगतं? सीटीई बघा, सेंटर टू एज. व्हाइटच्या मध्यापासून बॉलच्या कडेपर्यंत एक रेषा, दुसरी रेषा व्हाइटच्या कडेपासून बॉलवरच्या ठरावीक बिंदूपर्यंत. दोन्ही एकाच वेळी डोळ्यात बसल्या की शरीर तिरकं ठेवून आत वळायचं, आणि क्यू आपोआप योग्य जागी येतो. कोन मोजायची गरजच नाही. माझा खेळ सहा महिन्यांत बदलला.

लकडीपूलकर | रविवार, रात्री ८:४०

क्यू आपोआप योग्य जागी येतो, हे वाक्य मी आधी ज्योतिषाच्या जाहिरातीत वाचलंय.

काटकोन | रविवार, रात्री ९:०५

गार्डन_स्टेट, यावर अमेरिकन फोरमांवर वर्षानुवर्षं महाभारत चालू आहे, इथे दुसरं नको. माझी शंका एवढीच: ठरावीक तीन-चार रेषांतून शेकडो वेगवेगळे कोन कसे निघतात? भूमितीत उत्तर सापडत नाही. मला वाटतं डोळा नकळत उरलेलं जुळवून घेतो. त्यात वाईट काही नाही. दर वेळी त्याच क्रमानं उभं राहायची, त्याच जागेवरून बघायची शिस्त लागते, आणि तुमचा खेळ सुधारला असेल तर त्या शिस्तीनं सुधारला असेल.

गार्डन_स्टेट | रविवार, रात्री ९:३२

असेल. बॉल जातायत, मला तेवढं पुरे.

टेबल_नं_४ | सोमवार, दुपारी १:१०

सांगलीत अकरा वर्षं पार्लर चालवलं, लॉकडाउनमध्ये बंद केलं. सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. कोणी एक साधी गोष्ट विचारलीच नाही.

काळा_आठ, तुमच्या पार्लरचे बॉल शेवटचे कधी धुतले होते?

आणि दुसरं, तुम्ही तो शॉट व्हाइटच्या खालून मारता का? व्हाइट मधल्या पॉकेटात जाऊ नये म्हणून रोखून धरायला? मी पैजेवर सांगतो, खालूनच मारत असणार. तुमच्यासारखी शंभर गिऱ्हाइकं बघितलीत. नेम बरोबर असतो, आणि त्यामुळेच बॉल जात नाही.

काळा_आठ | सोमवार, दुपारी १:२५

खालूनच मारतो!! मध्याच्या बोटभर खाली, हळू. तुम्ही टेबलाशेजारी उभे होतात काय? बॉलचं माहीत नाही, पण व्हाइटवर निळे ठिपके असतात आणि हाताला चिकट लागतो. नेम बरोबर म्हणून जात नाही हे मात्र डोक्यावरून गेलं.

टेबल_नं_४ | सोमवार, दुपारी १:५०

व्हिडिओत बॉल कोरे करकरीत असतात आणि चित्रातले बॉल तर एकमेकांना घासतच नाहीत. खरे घासतात. व्हाइट कटला लागतो तेव्हा नुसता ढकलत नाही, जाता जाता दुसऱ्या बॉलला आपल्याबरोबर जरासा ओढतो. म्हणजे बॉल तुम्ही ठरवलेल्या रेषेपेक्षा जाड निघतो. याला थ्रो म्हणतात. मळके बॉल जास्त ओढतात, हळू शॉट जास्त ओढतो, आणि सगळ्यात जास्त ओढतो स्टन, म्हणजे लागताना व्हाइट गडगडत नसतो, नुसता घसरत असतो तेव्हा. तुम्ही मीटरभरावरून खालून हळू मारता. उलटी फिरकी कापडावर वाटेतच मरते आणि नेमका बॉलपाशी पोचेपर्यंत स्टन होतो. तिन्ही गोष्टी तुम्ही एकाच शॉटमध्ये जमवल्यात.

काटकोन | सोमवार, सायंकाळी ६:४५

टेबल_नं_४ यांना साष्टांग. मी गणितात अडकले आणि ते सरळ फडक्यापाशी पोचले.

आकडे देते. असा स्टन हळू मारला तर हाफ बॉलला थ्रो तीन अंश सहज होतो, मळक्या बॉलला त्याहून जास्त. १२० सेंमीवर तीन अंश म्हणजे सहा सेंटिमीटर. तुमच्याकडे मोकळी जागा होती २.८. म्हणून घोस्ट बॉल जितका अचूक, तितका तुमचा चुकण्याचा प्रकार एकसारखा: दर वेळी जाड. नेम कच्चा असता तर कधी जाड, कधी पातळ गेला असता आणि मधूनच एखादा पडलाही असता.

दुसरी गंमत मधल्या पॉकेटची. स्टन लागलेला व्हाइट बॉलच्या रेषेला काटकोनात सुटतो. तुमची मांडणी कागदावर काढली तर तो काटकोन थेट मधल्या पॉकेटात जातो. गडगडत गेलेला व्हाइट तेवढा वळत नाही, तो पॉकेटच्या दहा-बारा सेंटिमीटर अलीकडे कुशनला लागेल. म्हणजे ज्या भीतीनं तुम्ही खालून मारता, ती भीती खालून मारल्यामुळेच खरी होते.

(या सगळ्याचा हिशेब फार जुना आहे. कोरिऑलिस, तोच वाऱ्यांच्या कोरिऑलिस बलाचा, त्यानं १८३५ साली बिलियर्ड्सच्या गणितावर अख्खं पुस्तक लिहिलं.)

सोंगटी | सोमवार, सायंकाळी ७:१०

म्हणून कॅरमला बोरिक पावडर टाकतात! घासू नये म्हणून.

टेबल_नं_४ | सोमवार, सायंकाळी ७:२२

ती बोर्डासाठी असते हो. पूल टेबलावर पावडर टाकलीत तर मार्कर तुम्हाला टाकेल बाहेर.

गार्डन_स्टेट | सोमवार, रात्री ९:००

यावर सोपा उपाय आहे. बाहेरची साइड लावा. उजवीकडे कट असेल तर व्हाइटच्या डाव्या बाजूला मारायचं. व्हाइट मग दुसऱ्या बॉलवरून घासत न जाता दातेरी चाकासारखा वळून निघतो, थ्रो शून्य.

काटकोन | सोमवार, रात्री ९:४०

तत्त्व बरोबर. हाफ बॉलला मध्यापासून पाच-सहा मिमी बाहेर मारलं की घासणं जवळजवळ थांबतं. पण इथे विचारणारे चार महिन्यांपूर्वी परत आलेले गृहस्थ आहेत. डावीकडे साइड मारली की व्हाइट निघतानाच उजवीकडे सरकतो. मीटरभर जाताना तो आणखी उजवीकडे गेला म्हणजे लागणार कुठे? जाडच. एका कारणानं जाड लागत होता, आता दुसऱ्या कारणानं लागेल. पार्लरच्या जाड दांड्याच्या क्यूला तर हे सरकणं जास्तच. साइड आत्ता नको.

गार्डन_स्टेट | सोमवार, रात्री १०:०२

मान्य. माझ्या क्यूचा शाफ्ट (पुढचा दांडा) व्हाइटला कमी सरकवणारा आहे, ते विसरलो.

काळा_आठ | शनिवार, दुपारी १२:३०

अहवाल. काल तासभर आधी एकटाच गेलो. बॉलची जागा चुकू नये म्हणून फाइलच्या भोकाला लावायच्या त्या गोल रिंगा कापडावर चिकटवल्या, त्यावरून मार्करचं ऐकून घेतलं. मग त्याला समजावलं, तर तोच बघत उभा राहिला.

तोच शॉट, तोच नेम, दहा-दहा वेळा. खालून हळू: २. मध्याच्या किंचित वरून, तेवढाच हळू: ६. मध्यावर जोरात: ५, पण त्यातले दोन पॉकेटच्या तोंडावर खडखडून बाहेर आले, ते मोजले नाहीत. आणि वरून मारल्यावर व्हाइट एकदाही मधल्या पॉकेटात गेला नाही. अलीकडे कुशनला लागून सुमडीत परत. चार महिने मी कशाला भीत होतो!

मग मार्करला म्हटलं बॉल धुवूया. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा थेंब, मऊ फडकं. पाणी अक्षरशः राखाडी झालं. धुतल्यावर वरून हळू: १० पैकी ७, खालून हळू: ४.

संध्याकाळी पोरं आली. दोन गेम जिंकलो, एक हरलो. एकानं विचारलं, सर, आज बॉल वेगळेच पळतायत ना? मी काही बोललो नाही.

टेबल_नं_४ | शनिवार, दुपारी १:१५

छान. पण प्रत्येक शॉट वरून मारायची सवय लावून घेऊ नका. कधीतरी स्टनच लागेल, व्हाइट दुसरीकडे न्यायला. तेव्हा घोस्ट बॉलपेक्षा केसभर पातळ धरायचा, किती ते त्या टेबलावर तीन-चार शॉट मारून कळतं. मी नव्या गावातल्या टेबलावर गेलो की पहिले दोन हळू कट फक्त एवढं बघायला मारतो. आणि फर्निचर पॉलिश लावायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. आमच्याकडे एका उत्साही मेंबरनं लावलं होतं, आठवडाभर बॉल कापडावर मासळीसारखे पळत होते.

डी_मधून | शनिवार, सायंकाळी ५:२०

चिकटवलेल्या रिंगा काढल्यात ना? कापड खराब होतं.

काळा_आठ | शनिवार, सायंकाळी ५:४१

काढल्या काका.

आता नवीन दुखणं. उत्साहात तोच शॉट दुसऱ्या बाजूला मांडला, म्हणजे कट डावीकडे. सगळं तसंच, वरून हळू. दहात तीन. आणि हे एकसारखे चुकत नाहीत, दोन जाड, चार पातळ, एक तर बॉलला लागलाच नाही. बॉल तेच, धुतलेले.

काटकोन | शनिवार, रात्री ८:३०

मग हा थ्रो नाही. थ्रोला डावं-उजवं कळत नाही, तो दोन्हीकडे जाडच करतो. दोन्ही बाजूंना पसरतंय म्हणजे एकतर क्यू सरळ जात नाही, किंवा तुम्ही वाकल्यावर नेम बदलताय.

आधी क्यू तपासा. व्हाइट टेबलाच्या मधल्या रेषेवर ठेवून समोरच्या कुशनच्या मध्यावर मारा आणि क्यू तिथेच थांबवा. परत येऊन टोकाला लागला तर हात सरळ आहे. बाजूनं गेला तर नकळत साइड लागतेय.

तो सरळ आला तर मग उभे असताना काय बघता आणि वाकल्यावर काय बघता ते बघा. समोर, क्यूच्या रेषेत फोन ठेवून व्हिडिओ काढा. हनुवटीचा मध्य क्यूवर आहे की एखाद्या डोळ्याखाली क्यू जातोय? कुठेही असला तरी चालतो, दर वेळी तिथेच हवा. बऱ्याच जणांचं एका बाजूच्या कटला डोकं आपोआप बॉलकडे झुकतं, दुसऱ्या बाजूला नाही. आणि खाली वाकल्यावर शंका आली तर तिथल्या तिथे क्यू हलवून नेम सुधारू नका. उठा, मागे या, परत उभे राहा.

काळा_आठ | शनिवार, रात्री ८:५५

तिथल्या तिथे हलवतो. नेहमी. उठलं की पोरं म्हणतात सर, टाइम जातोय, तासाचे पैसे पडतात.

डी_मधून | शनिवार, रात्री ९:१०

त्यांना म्हणावं, हरणाऱ्यानं द्यायचे.

काळा_आठ | शनिवार, रात्री ९:१४

:) उद्या सकाळी व्हिडिओ काढतो. मार्करनं दहा वाजता यायला सांगितलंय, तोवर टेबल रिकामं असतं. बादली आणि फडकं आणा म्हणाला.